काठी कुणाच्या दारात

५ ऑक्टोबर १९४७, रविवार

जिंकलो! चावडीवर आज असा काही बोललो की शेवटी शेवटी माझं मलाच खरं वाटायला लागलं.

विषय पहाऱ्याचा होता. निजामाच्या मोगलाईची हद्द गावापासून दोन कोसांवर. तिकडे रझाकारांचा धुमाकूळ चालला आहे, पलीकडची गावं लुटली म्हणतात, आणि आमच्या गावाला धड वेससुद्धा नाही. तेव्हा गावानं आपली राखण आपणच करायची, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. पुढं सहादेव पाटील म्हणाले, “घरटी एक गडी. पाळी लावू. जो येनार न्हाई त्याला दंड.” झालं! मी उठलो.

म्हणालो, कान धरून उभा केलेला पहारेकरी हा पहारेकरी नव्हे, तो जागा ठेवलेला कैदी! म्हणालो, इंग्रज जाऊन दोन महिने झाले नाहीत आणि आपण आपल्याच माणसांवर सक्ती करायला निघालो? ज्याच्या मनात आहे त्यानं यावं. ज्याच्या मनात नाही त्यानं खुशाल झोपावं. उद्या देशाची फौजसुद्धा अशीच हवी — मनानं आलेल्यांची. दहा नाखूष माणसं उभी करण्यापेक्षा एक राजी माणूस पुरे! टाळ्या पडल्या. पाटीलही बसले. प्रार्थनेनंतरसुद्धा मला कधी इतकं हलकं वाटत नाही.

आता दार लावून खरं लिहितो. आमच्या घरात पुरुष दोन. एक मी — पन्नाशीला टेकलेला मिशनशाळेचा मास्तर, अंधारात मांजर आडवं गेलं तरी बायकोला, मरियाला, हाक मारणारा. दुसरा शलमोन, एकोणीस वर्षांचा. देवानं आम्हाला तीन मुलगे दिले, दोन परत नेले. हा एक उरला आहे. पाळी लागली की तो म्हणणार, “बाबा, तुम्ही झोपा, मी जातो,” आणि जाणार. तो रात्रीचा हद्दीकडे तोंड करून काठी घेऊन उभा आहे, हे मला सहन होणार नाही. एवढंच कारण. बाकी स्वातंत्र्य वगैरे वरून भुरभुरलेली कोथिंबीर.

तरी अगदीच खोटं नाही हं. माझा आजा या गावचा जागल्या होता. मिशनात येण्याआधी आमच्या घराण्याकडे तेच काम, जन्मानं लागलेलं. पाऊस असो, अंगात ताप असो, गाव झोपलं की आम्ही जागायचं. तुझी इच्छा आहे का रे, असं त्याला कुणी विचारलं नव्हतं. आज सभा सुटताना पाटील जवळ येऊन हळूच म्हणाले, “मास्तर, तुमच्यात तर पिढीजात हाय की ह्ये!” अंगाचा नुसता तिळपापड झाला. आमच्या घराण्याचं गावासाठी पुष्कळ जागून झालंय. आता आमची झोपायची वेळ.

ठरलं ते असं — जागल्याची जुनी काठी, पितळी कडी घातलेली, चावडीत पडून होती. म्हणजे आज्याचीच! ज्याची इच्छा त्यानं पुढं येऊन तिला हात लावायचा. हात लावला म्हणजे शब्द दिला. पहिला हात गहिनीनाथचा. हा ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम, लढाईत फौजेत जाऊन आलेला. मग त्याच्या टोळीतले दहाबारा. उस्मान तांबोळ्यानंही हात लावला. पाटलांनी डोळे बारीक केले, तेव्हा गहिनीनाथ म्हणाला, “का? त्याचं घर काय गावाभायेर हाय?” विषय संपला.

शलमोनही उठत होता. मी त्याच्या सदऱ्याचं टोक घट्ट धरून ठेवलं होतं. एक गुंडी तुटली. मरिया विचारील, काहीतरी सांगता येईल.

६ ऑक्टोबर

मरिया म्हणाली, “भाषण फार छान झालं म्हणे. मग काठीला पहिला हात तुम्हीच लावला असेल ना?” घसा बसला आहे असं सांगून गरम पाणी मागितलं.

९ ऑक्टोबर

दलाची कवायत शाळेच्या पटांगणात. काठीही शाळेतच राहणार, माझ्या वर्गात, फळ्याशेजारी. गहिनीनाथ असा ओरडतो की माझ्या पोरांचे पाढे चुकतात. “डावा! उजवा! डावा! आरं डावा म्हंजी ज्या हातानं जेवत न्हाईस त्या बाजूचा पाय!”

हा इटलीपर्यंत जाऊन आला आहे, यात शंका नाही. तिथं त्यानं काय केलं ते मात्र दर खेपेला बदलतं. श्रावणात त्यानं एक रणगाडा पकडला होता. आता दोन झालेत. त्याची बायको रतनबाई पाण्याला जाताना थांबून म्हणाली, “ह्यांनी समदी लढाई कनीक मळून काढली, मास्तर. तुमी कशाला मनावर घेता?” दल हसून हसून आडवं पडलं. गहिनीनाथ मुळीच ओशाळला नाही. “कनकीबिगार लढाई हुती व्हय?” म्हणाला.

मी माझ्या भाषणाला पुरावा मिळावा म्हणून विचारलं, “गहिनीनाथ, तू फौजेत स्वखुशीनं गेला होतास ना?”

“व्हय तर! लई खुशीनं! त्या साली बाजरी आली न्हाई. सायबानं इचारलं, सोताच्या मर्जीनं आलास का? म्या म्हनलं, साहेब, जेवान कवा हाय?”

हा पुरावा मी वापरणार नाही.

शलमोन खिडकीत उभा राहून सगळं बघत होता. मी खिडकी लावून घेतली. त्याचा अभ्यास आहे, तो माझ्या वर्गातच बसून करतो. मग वर्गात इतकं उकडलं की मलाच ती उघडावी लागली.

जेवताना त्यानं विचारलं, “बाबा, सभेत तुम्ही बोललात ते सगळं तुम्हाला पटतं?” म्हटलं, “अक्षरन् अक्षर.” नजरेला नजर न देता भाजी वाढून घेतली. दोडका होता. मला दोडका आवडत नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

पहारा अगदी व्यवस्थित चालला आहे. फिरताना ते काठी दगडावर आपटतात, ती ठकठक ऐकली की मी कुशीवर वळतो आणि देवाचे आभार मानतो.

आज उपासनेत बसलो असता नको तो विचार मनात आला. काठीला हात लावणारे सगळे खालच्या आळीचे. उस्मान सोडला तर एकूण एक ऊसतोडीवाले. ज्यांच्या घरात न्यायला एक तवा आणि दोन घोंगड्या, ते जागतात. ज्यांच्या घरी कणग्या भरलेल्या, ते घोरतात. आणि ज्याच्या घरी भिंतीवरचं घड्याळ आहे तो मास्तर घोरतो, वर मनाच्या मर्जीचं तत्त्वज्ञान सांगतो. पाटलांनी काल भुईमुगाच्या शेंगा पाठवल्या. “मास्तर, तुमचंच खरं. सक्ती नगंच.” पाळीला ज्याला पाठवावं लागलं असतं तो त्यांचा सालगडी दिवसभर शेतात ताजातवाना राबतो आहे, म्हणून या शेंगा.

शेंगा चांगल्या होत्या.

२ नोव्हेंबर

पाद्रीसाहेब आले होते. गावच्या स्वयंसेवी पहाऱ्याचं त्यांनी फार कौतुक केलं. मी नम्रपणे खाली बघितलं. नम्रपणा मला चांगला जमतो.

१५ नोव्हेंबर

अरे देवा! कुणाच्याच कसं ध्यानात आलं नाही?

काल भाऊबीज झाली. आज उजाडायच्या आत खालच्या आळीत गाड्या जुंपल्या. बिऱ्हाडं, कोंबड्या, कोयते, वर तान्ही पोरं. नवरा-बायको जोडीनं, सगळी टोळी राहात्याकडे ऊस तोडायला. दरवर्षी जातात! गुढीपाडव्यापर्यंत येत नाहीत! आणि अख्ख्या गावानं पावसाळा सरता सरता बसून बारमाही पहाऱ्याचं दल काढलं ते याच माणसांचं! मी तर शाळामास्तर. दिवाळी झाली की माझी निम्मी शाळा रिकामी होते, हे मी वीस वर्षं बघतो आहे. भाषणाच्या भरात तेवढं एक विसरलो.

बरं, त्यांनी तरी बोलायचं! तर म्हणे, “आमाला वाटलं तुमी कायतरी योजलं आसंल. एवढं बोलत हुता.”

गहिनीनाथनं जाताना काठी माझ्या हातात न देता वर्गाच्या कोपऱ्यात नीट टेकवली. “मास्तर, आता तुमी हाईच की,” म्हणाला. थट्टा करत होता की खरंच म्हणत होता, कळलं नाही. मागं राहिले कोण? म्हातारेकोतारे, मुलं, आणि घोरणारे.

१८ नोव्हेंबर

शिकवताना काठीकडे बघायचं नाही असं ठरवलं. तीनदा बघितलं. भूगोलाच्या तासाला एक पोर म्हणालं, “मास्तर, राती ठकठक येत न्हाई आता. आमची आजी झोपत न्हाई.” त्याला हिंदुस्थानातल्या नद्या सांगायला लावल्या.

पहाऱ्यावर उस्मान एकटा जातो, काठी न घेताच. एकट्या माणसाला दल म्हणत नाहीत.

२२ नोव्हेंबर

आज शाळा सुटता सुटता बनुबाई दारात. ही गहिनीनाथची आई. नातवंडं सांभाळायला मागं राहिली आहे.

“मास्तर, काठी द्या.”

“कशाला, आजी?”

“कशाला म्हंजी? गहिन्यानं हात लावला हुता. त्यो गेला ऊस तोडायला. त्याचा सबूद हाय की घरातच!”

“अहो पण तुम्हाला रात्रीचं दिसतं का?”

“दिवसा बी न्हाई दिसत. वरडायला डोळं लागत्यात व्हय?”

मी काही बोलायच्या आत शलमोन पुढं आला. “आजी, तुम्ही घरी जा. मी येतो.” आणि त्यानं काठीकडे हात नेला. मी कधी नव्हे ते मुलांच्या बाकावरून उडी मारली, त्याचा हात पोचायच्या आत काठीवर झडप घातली आणि छातीशी धरून उभा राहिलो. का, ते विचार करून केलं नाही. त्याचा हात तिला लागू नये, एवढंच डोक्यात.

म्हातारी हसली. दात नाहीत, तरी पुष्कळ हसली. “लावला! मास्तरांनी हात लावला!” दाराबाहेर पोरं उभी होती. पाच मिनिटांत गावभर. आता मागं कसा घेणार? हात लावला म्हणजे शब्द दिला, ही अट माझ्याच सभेतली.

मरियानं मफलर काढून ठेवला, लोकरीचे मोजे काढून ठेवले, आणि हसू दाबायला चुलीकडे तोंड केलं. शलमोन म्हणाला, “बाबा, मी जातो ना.” म्हटलं, “तुझी परीक्षा आहे.” म्हणाला, “मार्चात!” मी मोजे घालत बसलो.

२३ नोव्हेंबर, रविवार

जिवंत आहे.

भीती घालवण्यासाठी गीतं म्हणत होतो. बनुबाई म्हणाली, “मास्तर, तुमी गाऊ नगा. चोर न्हाई येनार, पर कुत्री जमत्यात.” मग उस्माननं मला सुपारी दिली आणि त्याच्या बहिणीचं लग्न कसं मोडलं, मग कसं जुळलं, ते सांगत राहिला. ओढ्याच्या काठाला मला तीन माणसं दबा धरून बसलेली दिसली. बनुबाईनं एक एरंडाचं झाड आहे म्हणून सांगितलं. ज्या बाईला दिसत नाही तिला ते माहीत होतं, कारण लावलं तिनंच.

आज उपासनेत झोपलो. पाळकांनी व्यासपीठावरून बघितलं. बघू देत!

३० नोव्हेंबर

आज्याची आठवण येते. काठीला जिथं हात धरतो तिथं ती गुळगुळीत झाली आहे. माझा हात बरोबर तिथंच बसतो. मला हे आवडायला नको होतं.

४ डिसेंबर

शाळा बंद. मोगलाईतून माणसं आली आहेत, पाचसहा घरं. वर्गात उतरवली. तिकडं गाव पेटलं, कुणी पेटवलं ते ज्याला त्याला वेगळं दिसलं. एक बाई हातात जात्याचा नुसता खुंटा घेऊन बसली आहे. घाईत काय उचलू काय नको झालं, जातं उचलेना, खुंटा तेवढा हातात आला. तोच घेऊन तीन कोस चालली. मरियानं तिला जेवायला वाढलं, तरी तिनं खुंटा खाली ठेवला नाही.

मी तिला विचारलं, “तुमच्या गावात पहारा नव्हता का?” म्हणाली, “हुता की. ज्याला वाटंल त्यानं जायचं, आसं हुतं.”

मला जेवण गेलं नाही. इतके दिवस मी मोज्यांची आणि एरंडाची थट्टा लिहितो आहे. खरी गोष्ट ही की मला माझ्या मुलाला घरात ठेवायचं होतं, आणि त्यापायी मी सबंध गाव उघडं टाकलं.

९ डिसेंबर

आता यावर रडू की हसू?

फटफटायला आलं होतं. ओढ्यात काहीतरी हललं. या खेपेस एरंड नव्हता, नक्की नव्हता. चालत होतं! माझ्या हातात शाळेची शिट्टी. मी ती जीव खाऊन फुंकली. उस्मान “पकडा! पकडा!” ओरडला. बनुबाईनं आवाजाच्या रोखानं धोंडा भिरकावला. धोंडा टमरेलाला लागला. ठण्णकन आवाज झाला, आणि सहादेव पाटील धोतर सावरत उभे राहिले.

गाव धावून आलं. कुऱ्हाडी, फावडी, एकानं तर मुसळ आणलं होतं. पाटील सगळ्यांच्या मधोमध. एवढी माणसं महिन्यात कधी एकदम जागी झाली नव्हती. उस्मान म्हणाला, “पाटील, लागलं तर न्हाई?” त्यावर पाटलांनी दिलेलं उत्तर इथं लिहिण्याजोगं नाही.

१४ डिसेंबर, रविवार

पाटलांनी सभा बोलावली. “ह्यो काय पहारा म्हनायचा? एक आंधळी, एक तांबोळी आन् एक मास्तर! बंद करा, न्हाईतर धड करा.”

मी उठलो. लोकांना वाटलं, आता पुन्हा स्वातंत्र्य. काहीजण मागं टेकून बसले.

म्हणालो, माझ्या आज्यानं हा पहारा जन्मानं केला. ते वाईट होतं. मी म्हटलं, मनानं करा. ज्यांनी मनानं केला त्यांची पोटं त्यांना राहात्याला घेऊन गेली, आणि राहिलेल्यांचं मन काही झालं नाही. माझंही झालं नव्हतं. दिवाळीला जाणाऱ्यांवर सबंध गावाची राखण टाकून आपण शेंगा खात बसलो. आता घरटी पाळी लावा. वरच्या आळीपासून खालच्या आळीपर्यंत, कुणी सुटायचं नाही. रोज उजाडलं की काठी पुढच्या घराच्या दाराला टेकवायची. ज्याच्या दारात काठी, त्या रात्री ते घर जागेल. आणि सालगडी पाठवायचा नाही, घरचं माणूस पाहिजे.

“मास्तर, तवा तर तुमी उलटं बोल्ला हुता!” कुणीतरी मागून म्हणालं.

“तेव्हा दिवाळी व्हायची होती,” मी म्हणालो. हशा पिकला. दुसरं काय सांगणार?

पाटील म्हणाले, “आन् माझ्या घरातून कोन? म्या साठीचा.”

बनुबाई बसल्या जागेवरून म्हणाली, “म्या सत्तरीची.”

मग नावं पुकारली गेली. आमचं घर आलं तेव्हा मी म्हणालो, “मी आणि शलमोन, आलटूनपालटून.” म्हणालो खरा. बायकांच्या बाजूला मरिया बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, पण मला खाली बघावं लागलं, आणि यावेळी ते नम्रपणानं नव्हतं.

घरी येताना शलमोन दोन पावलं पुढं चालत होता. मग म्हणाला, “म्हणजे आता कुणाच्या मनाचा प्रश्नच नाही.”

“नाही. आता सगळ्यांची पाळी.”

“हं,” म्हणाला. मला वाटलं होतं, त्याला आनंद होईल.

२५ डिसेंबर, नाताळ

पहाटेच्या उपासनेहून आलो तर दाराला काठी! पाटील रात्रभर जागून स्वतः टेकवून गेले होते. कानाला मफलर, डोळे लाल, आणि एवढा अभिमान की विचारू नका. “कुत्रं सुदिक येऊ दिलं न्हाई!” म्हणाले. त्यांना करंज्या दिल्या. त्यांनी दारात उभ्यानंच खाल्ल्या. आमच्या घरचं त्यांनी प्रथमच खाल्लं.

आजची रात्र आमची. शलमोन म्हणाला, “बाबा, नाताळ आहे, तुम्ही आईजवळ बसा.” मी त्याच्या गळ्यात शिट्टी अडकवली. मोजे दिले. मरियानं त्याच्यासाठी प्रार्थना केली. आमेन म्हणता म्हणता मी शिट्टीच्या दोरीची गाठ पुन्हा ओढून बघितली.

२६ डिसेंबर

आला! भूक लागली म्हणून आला, तीन भाकरी खाल्ल्या, चूळ भरली. काही झालं नाही. कोल्हं ओरडलं एवढंच. एवढ्यासाठी मी तीन महिने रान उठवलं होतं! महिन्यातून एक रात्र! गावात घरं आहेत तितक्या रात्रींनी एकदा. हे मला ऑक्टोबरातच मोजता आलं असतं, गणित मीच शिकवतो.

भाकरी खाता खाता विचारलं त्यानं, “बाबा, ऑक्टोबरातलं भाषण खरं की डिसेंबरातलं?”

“दोन्ही,” मी म्हणालो.

तो हसला. मला वाटलं, पटलं.

११ जानेवारी १९४८, रविवार

पाळी उत्तम चालली आहे. कुरकुर आहे, पण कुरकुर करत का होईना, माणसं येतात. उस्मान आता आपली एक रात्र जागतो आणि बाकीच्या झोपतो. त्याचं वजन वाढलं आहे. पाटील तर दुसऱ्या गावी जाऊन आपल्या पहाऱ्याच्या गोष्टी सांगतात. त्यात ओढ्याची गोष्ट नसते.

मी इतका खूश की जेवताना म्हणालो, दिल्लीच्या सरकारलाच कळवावं. देशानंही असंच करावं. घरटी एक गडी, पाळीनं फौजेत, मंत्र्याच्या घरापासून महाराच्या घरापर्यंत. मग बाजरी न आल्यामुळं कुणाला इटलीला जाऊन कणीक मळावी लागणार नाही.

शलमोन पाणी पिता पिता थांबला. “बाबा, काश्मीरच्या लढाईत महिन्यातून एक रात्र चालत नसेल.”

“म्हणजे?”

“तिथं बर्फ आहे. तिथं गेलेला माणूस सकाळी भाकरी खायला घरी येत नाही. तिथं ज्याला जायचंच आहे असाच पाहिजे.”

म्हटलं, “तू अभ्यास कर.” वादात माझ्याकडे हे एक हत्यार अजून धारदार आहे.

२१ जानेवारी

शलमोन पाथर्डीच्या बाजाराहून उशिरा आला. कंदिलाची काच आणायला पाठवला होता. “एवढा वेळ?” विचारलं. म्हणाला, नगरहून लॉरी आली होती, गर्दी होती. “कसली लॉरी?” “फौजेची.” “मग?” “मग काही नाही. काच आणली.” काच चांगली आहे, एक बुडबुडासुद्धा नाही.

२५ जानेवारी, रविवार

उपासनेत शलमोननं वाचन केलं. आवाज काय लागला! बायका मरियाकडे वळून बघत होत्या. माझंच भाषण ऐकतो आहे असं वाटलं — तोच हेल, तेच थांबणं. पोरानं बापाची एवढी एक गोष्ट तरी उचलली, म्हणून मनात फुगलो. दोन दिवसांनी काठी पुन्हा आमच्या दारात. या खेपेला त्याची पाळी नाही, माझी आहे.

२७ जानेवारी

काठी दाराला टेकलेली आहे. शलमोन नाही.

उजाडता उजाडता पाथर्डीला चालत गेला, तिथून मोटारीनं नगरला. भरतीला. आईबरोबर प्रार्थना केली. बाबांना उठवू नकोस, असं मरियानंच त्याला सांगितलं. मी ओरडलो, “तू जाऊ कसं दिलंस?” ती म्हणाली, “मी म्हटलं, बाबा म्हणतात पाळीच बरी. तर म्हणाला, पाळी गावापुरती ठीक आहे. पण त्यांचं पहिलं भाषण मला पाठ आहे.” जाताना काठीला हात लावून गेला म्हणे.

पाळी माझ्याकडे त्याची महिन्यातून एक रात्र मागत होती. ती द्यावी लागू नये म्हणून मी ते भाषण केलं.

दिवस मावळला. मरियानं कंदील पुसून ठेवला आहे, नव्या काचेचा. आजची पाळी आमच्या घरची. निघतो.